चाकामागचे तास
देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा. खाली आग्रा-मुंबई रस्त्यावर रात्रभर ट्रक. चालक किती तास जागा आहे, हे फक्त त्याच्या लाल डोळ्यांवरून कळते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांतीही दिली. पण मोजणार कोण? युरोपात मे २००६ पासून नव्या अवजड वाहनांत डिजिटल टॅकोग्राफ सक्तीचा आहे. चालक आपले कार्ड त्यात सरकवतो, यंत्र प्रत्येक मिनिट नोंदते आणि साडेचार तासांनंतरची ४५ मिनिटांची विश्रांती चुकवली, तर तेही नोंदीत दिसते. वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरवा, असे नितीन गडकरी २०२१ मध्ये म्हणाले होते; ते तास मोजणारा टॅकोग्राफ देवासच्या रस्त्यावर यायलाच हवा.