मन लागत नाही म्हणणाऱ्या दोस्तांना



'अभ्यासात मन लागत नाही.' फलटणमध्ये पोरांशी बोलायला बसलो की हे मला ऐकायला मिळतंच. एमएस-सीआयटी झाली, आता नेटवर्किंगची सीसीएनए काढू म्हणून हुरुपानं बसतात, अन् पंधरा दिवसांत पुस्तक उशाखाली जातं. शहाणे सांगतात, जिद्द पाहिजे. जिद्द काय किराण्याच्या दुकानात मिळते?

एका खोलीत सहा माणसं, लॅपटॉप मागून आणलेला आणि परीक्षेची फी ३०० डॉलर, म्हणजे २४ हजारांच्या वर. नापास झालं तर पाच दिवसांनी पुन्हा बसता येतं, पण फी नव्यानं भरायची. पास झालं तरी तीन वर्षांत कागदाची मुदत संपते. रोजावर जाणाऱ्या आईचे पैसे जुगारावर लावल्यासारखं वाटतं. पोरगं पुस्तकाला भीत नाही, या हिशोबाला भितं. त्याला आळशी म्हणून हिणवू नका.

पण हेही ऐका. या परीक्षेला पदवी लागत नाही, कुणाचा वशिला लागत नाही. खाजगी कंपनीत आरक्षण नाही, तिथं आडनाव वाचलं जाणारच. हा कागद लढाई जिंकून देणार नाही. दारातून हाकलणाऱ्याची एक सबब मात्र हिसकावून घेईल.

म्हणून एकट्यानं कुढू नका. चौघं-पाचजण जमा. समाजमंदिराची चावी मागा, रोज रात्री दोन तास बसा. सरावाचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. कालचा धडा आज दुसऱ्याला आपल्या भाषेत सांगा. राउटर म्हणजे नीरा उजव्या कालव्यावरचा पाटकरी, कुठलं पाणी कुठल्या चारीला सोडायचं ते बघणारा. स्लॅश २६ म्हणजे ६४ पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, यंत्रांना उरले ६२. घोकू नका, मोजा. फीसाठी भिशी लावा. ज्याची तयारी पक्की, त्याचा नंबर आधी. तारीख घेतली की मन झक मारत लागतं.

याच सातारा जिल्ह्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाचं पोर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. वर्गात त्याला वेगळं बसवत, घरून आणलेल्या गोणपाटावर. त्या गोणपाटावरूनच ते शिकलं.

ज्या गटानं परीक्षेची तारीख घेतली, त्यानं कळवावं. पुढच्या अंकात आम्ही भाषणं छापणार नाही, तारखा छापू.