बटण ‘कट्’ वाजते का?



बटण बंद करताना आत चरचर होते, निळी ठिणगी दिसते. तरी ‘दिवा लागतोय ना’ म्हणून आपण दुर्लक्ष करतो. ही ठिणगी समजून घेतली पाहिजे.

बटणाच्या आत धातूची दोन टोके असतात. ती जुळली की वीज वाहते. बटण बंद करताना ती एकमेकांपासून सुटतात, पण वीज लगेच थांबत नाही. क्षणभर ती मधल्या हवेतून वाहते. तीच ठिणगी! तिच्या उष्णतेने धातू वितळतो, खड्डे पडतात, काजळी धरते. मग टोके नीट टेकत नाहीत, बटण तापते आणि शेवटी प्लॅस्टिक जळते.

टोके जितकी हळू सुटतील, तितकी ठिणगी जास्त वेळ टिकते. यावर इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली उपाय काढला. आत स्प्रिंग अशी बसवली की बोट हळू दाबले तरी टोके झटक्यात सुटावीत. आजच्या बटणाचा ‘कट्’ आवाज त्याच युक्तीचा. शिवाय चांगल्या बटणात टोकांवर चांदीच्या मिश्रधातूचा ठिपका असतो. तो ठिणगीने लवकर झिजत नाही. स्वस्त बटणात नेमकी इथेच काटकसर केलेली असते.

आता आपल्या घरातला हिशेब करू. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढतो. दिव्या-पंख्याचे बटण असते ६ अँपिअरचे. म्हणजे रोज पहाटे त्या बटणावर झेपेल त्याहून जास्त भार! रॉडसाठी १६ अँपिअरचेच बटण, तसाच सॉकेट आणि जाड वायर हवी.

खरेदी करताना आयएसआय मार्क आणि अँपिअरचा आकडा पाहावा. बटण हळू दाबून बघावे. मध्येच अडकून राहिले तर घेऊ नये. घरातले बटण गरम लागत असेल, काळे पडले असेल, तर घासून पुन्हा वापरू नका. मेन स्विच बंद करून जाणकार वायरमनकडून बदलून घ्या.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. वीज सर्वांपर्यंत पोहोचावी, ही त्यांची तळमळ. आपल्या वस्तीत ती आली आहे. आता ती जपून वापरणे आपल्या हाती आहे. आयटीआय झालेल्या आपल्या मुलांनी एक रविवार काढावा आणि विहाराच्या बोर्डापासून सुरुवात करून घरोघरची बटणे तपासावीत. दोन पैसे वाचवण्यासाठी लेकरांचा जीव धोक्यात घालू नये.