मनाला कडी हवीच

आजारानं वाचा गेलेल्या माणसाला मेंदूत इलेक्ट्रोड बसवून बोलतं करणं आता कल्पनेतलं राहिलेलं नाही. एएलएस झालेल्या एका ४५ वर्षांच्या गृहस्थाला यूसी डेव्हिसच्या टीमनं २५६ इलेक्ट्रोडच्या जोरावर बोलतं केलं. २०२४ साली ते प्रसिद्ध झालं. अचूकता ९७ टक्क्यांपर्यंत, आणि आवाज त्याच्या आजारापूर्वीच्या आवाजासारखा! अंगावर काटाच आला राव.

पण यात बोलायचा प्रयत्न तरी करावा लागतो, त्यात माणूस दमतो. म्हणून २०२५ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी पुढची उडी मारली... नुसतं मनात बोला, यंत्र ओळखेल. गंमत म्हणजे पडद्यावरचे गुलाबी गोळे मोजायला सांगितले, तेव्हा मनातल्या मनात चाललेली मोजणीही यंत्राला काही प्रमाणात कळली. मनात बोला असं कुणी सांगितलंच नव्हतं!

इथे माझ्यातला इंजिनिअर दचकला. सुदैवानं त्यांनी कुलूपही करून पाहिलं. मनात 'चिटी चिटी बँग बँग' म्हटलं तरच यंत्र ऐकायला लागणार. हा पासवर्ड ९८ टक्क्यांहून जास्त अचूक ओळखला गेला.

माझ्या मते हे कुलूप पुढच्या व्हर्जनमध्ये टाकायचं फीचर नव्हे. बॉसच्या मेलला आपण मनात काय उत्तर देतो ते आठवा! पाठवताना त्यातलं निम्मं खोडतो. ही सोय आजारी माणसाला नको? घरचे प्रेमानंच म्हणतील, "राहू दे ना चालू, काही हवं असलं तर कळेल." म्हणूनच यंत्र मुळात बंद हवं आणि किल्ली फक्त त्याच्याकडे. पासवर्डही त्यानंच निवडावा, सहसा मनात न येणारा. 'चहा' ठेवला तर कुलूप दिवसभर उघडंच!