वाण दुष्काळात तगेल, रोवणी करणारी बाई तगेल का?

माझी आई भंडारा जिल्ह्यात दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जायची. पाऊस लांबला की पऱ्हे वाळायचे. शेतमालकाचं पीक जायचं, आईची मजुरी जायची. पिकाचा पंचनामा व्हायचा, मजुरीचा कधीच झाला नाही. त्याच मजुरीवर मी कृषी पदवी घेतली, घरातली पहिली. त्यामुळे दुष्काळात तगणाऱ्या धानाबद्दल वाचताना माझा पहिला प्रश्न उत्पादनाचा नसतो. वाचलेलं पीक कोणाच्या घरात जाणार, हा असतो.

हाच प्रश्न घेऊन मी तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडुला गेले. हा कावेरीच्या कालव्याचा मुलूख, तरी पाण्याची खात्री नाही. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडायची प्रथा आहे. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षं ती तारीख हुकली. जानेवारी २०१७ मध्ये अख्खं तमिळनाडू दुष्काळग्रस्त जाहीर झालं. याच तालुक्यात ईच्चंकोट्टैला २०१४ पासून कृषी महाविद्यालय आहे. म्हणजे पाण्याचा ताण आणि शेतीचं विज्ञान इथे शेजारी शेजारी राहतात.

विज्ञान काय सांगतं? धानाला सगळ्यात मोठा फटका फुलोऱ्यात बसतो. तेव्हा पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, लोंब्या पोचट राहतात. म्हणून पैदासकार लवकर पिकणारी किंवा खोल मुळांची, ताण सोसून पुन्हा उभी राहणारी वाणं निवडतात. हजारीबागचं केंद्र आणि आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांनी मिळून तयार केलेलं 'सहभागी धान' २०१० मध्ये आलं. निवडीत शेतकऱ्यांचा सहभाग होता, म्हणून हे नाव. वाणासोबत पाण्याची शिस्तही लागते. बांधीत छिद्रांची नळी पुरायची आणि पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटर उतरलं की मगच पुन्हा द्यायचं. किंवा चिखलणी आणि रोवणी टाळून थेट पेरायचं. आपल्याकडे यालाच आवत्या म्हणतात.

हे सगळं मला पटतं. पण रोवणी टळली म्हणजे बाईचे कामाचे दिवसही टळले. ओरत्तनाडुत भेटलेल्या मजूर बायका दुभाषी मैत्रिणीमार्फत हेच सांगत होत्या. पाणी वाचतं, मालकाचा खर्च वाचतो, आमचा हंगाम आखडतो. आईने ऐकलं असतं तर मान डोलावली असती.

तंजावरला हा धडा नवा नाही. १९६० च्या दशकात सधन शेती कार्यक्रमासाठी निवडलेल्या पहिल्या काही जिल्ह्यांत तो होता. आडुतुरै केंद्राचं एडीटी-२७ हे कमी दिवसांचं वाण इथे झपाट्याने पसरलं. धान वाढलं, तशी मजुरांनी मजुरीत थोडं जास्त धान मागितलं. २५ डिसेंबर १९६८ ला तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत ४४ दलितांना झोपडीत कोंडून जाळलं गेलं. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. उच्च न्यायालयातून आरोपी सुटले. वाणाने पीक वाढवलं, पण वाटणी जातीच्या आणि जमिनीच्या हातात राहिली.

बियाणं निवडायची नजर फक्त प्रयोगशाळेत असते, असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले. १९८३ मध्ये त्यांना आपल्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या जपत, दरवर्षी निवडत त्यांनी एचएमटी धान घडवलं. ते दुष्काळाचं वाण नव्हे, पण दलित अल्पभूधारकही पैदासकार असतो याचा पुरावा आहे. त्या धानाने बाजार भरला. श्रेयासाठी मात्र त्यांना झगडावं लागलं, आणि २०१८ मध्ये ते गेले तेही हलाखीतच.

आज आपल्यातली अनेक मुलंमुली कृषी विद्यापीठांत, बियाणे कंपन्यांत, बँकांत, तालुका कार्यालयांत आहेत. त्यांना माझं सांगणं आहे. वाणाची चाचणी कालव्याच्या तोंडाशी नको, शेपटाला आणि कोरडवाहू बांधीत घ्या. निवडीच्या दिवशी मालकासोबत कापणी-मळणी करणाऱ्या बायकांनाही बोलवा. कोणती लोंबी झडते, कोणता भात पोटाला टिकतो, हे त्यांना ठाऊक असतं. आणि भरपाईचा हिशेब सातबाऱ्यावर थांबवू नका. तिकडे चिट्टा-अडंगल, इकडे सातबारा. ज्याच्या नावावर कागद नाही त्याचा दुष्काळ कोणीच मोजत नाही. बुडालेल्या मजुरीच्या दिवसांचीही नोंद झाली पाहिजे, त्या दिवसांचे पैसे मिळाले पाहिजेत.

प्रति हेक्टर किती क्विंटल, हे आम्हाला वर्गात शिकवलं. प्रति बाई किती दिवस, हे कोणी शिकवलं नाही. तो रकाना आपल्यालाच आखावा लागेल.

जय भीम.