फासा टाकला, हरीण मेलं

"सर्व्हायव्हल टाक."
"सतरा."
"मिळालं जेवण. पुढे चला."

बहुतेक टेबलांवर शिकार एवढीच असते. ज्यांनी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण डीएम होऊन जग उभं करतो, बाकीचे त्या जगातली पात्रं होतात. जिथे काय होईल हे नक्की नसतं तिथे फासे पडतात. सहा गोब्लिन समोर आले की हीच मंडळी पाऊण तास लढतात, कोण कुठल्या चौकोनात उभं आहे यावरून भांडतात. अख्खं हरीण मात्र एका आकड्यात मरतं. त्याचा माग नाही, वारा कुठून वाहतोय ते नाही, रक्ताचा वास नाही, सोलायला लागणारा वेळ नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. शिकार आणि मासेमारी खेळातून काढून टाका, नाहीतर नीट खेळा. मधला हा जो प्रकार चालतो तो निव्वळ वेळकाढूपणा आहे.

आधी हिशोब करू. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत माणसाला दिवसाला १ पौंड अन्न लागतं. जंगलात अन्न मुबलक असेल तर फाशावर, कौशल्याची भर धरून, १० आले की काम झालं. मग सहा बाजूंचा फासा अधिक विझ्डमचा आकडा, इतके पौंड अन्न मिळतं. विझ्डमची भर ३ धरली तर सरासरी साडेसहा पौंड, म्हणजे एकटा माणूस सहा जणांना जेवू घालतो. आणि हे सगळं चालता चालता, नेहमीच्या वेगाने. वाट पाहायची नाही, थांबायचं नाही. रेंजर आपल्या ओळखीच्या मुलखात असेल तर दुप्पट. 'आउटलँडर' पार्श्वभूमीचं पात्र असेल तर फासासुद्धा नको, स्वतःसह आणखी पाच जणांचं रोजचं भागतं. आणि ड्रुइडची 'गुडबेरी' तर पहिल्याच पातळीवर मिळते. एका मंत्रात दहा बोरं, एका बोरावर एक माणूस दिवसभर.

म्हणजे नियमांनी भूक आधीच संपवून टाकली आहे आणि तरी आपण फासा टाकतोय. मी दिवसभर कोड लिहितो. जिच्या उत्तराचा पुढे कुणीच वापर करत नाही अशी फंक्शन रिव्ह्यूमध्ये दिसली तर मी ती काढायला सांगतो. सर्व्हायव्हलचा हा फासा नेमका तसाच आहे. सतरा आले तरी पार्टी पुढे जाते, तीन आले तरी झोळीतला शिधा खाऊन पुढेच जाते.

गंमत म्हणजे या खेळाच्या मुळाशीच भूक आहे. १९७४च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये रानावनातल्या प्रवासासाठी एका दुसऱ्याच खेळाचा पट वापरायला सांगितला होता: 'आउटडोअर सर्व्हायव्हल', १९७२. रानात वाट चुकलेल्या माणसाने तहानभुकेने मरायच्या आत बाहेर कसं पडायचं, हाच त्या खेळाचा विषय. पट घेतला गेला, तहानभूक मागे राहिली.

पण १९८१च्या 'एक्स्पर्ट' नियमांत एक शहाणपणाची गोष्ट होती. चालता चालता कंदमुळं गोळा करायची तर सहात एक शक्यता. शिकार करायची तर अख्खा दिवस थांबायचं, आणि तिथेही सहात एकच शक्यता. ती साधली तरी मांस हातात पडत नाही, फक्त जनावर समोर येतं. ते मारायचं कसं ते तुम्ही बघा. शिवाय त्या दिवशी दुसरं काही अंगावर येण्याचा नेहमीचा धोका आहेच. आता हा निर्णय झाला. मागे ऑर्क लागलेत, एक जण जखमी आहे, शिधा दोन दिवसांचा. थांबायचं की चालायचं? इथे टेबलावर खरी चर्चा सुरू होते.

लगेच हरकत येते: "आठवडाभर ऑफिसात घासून आम्ही ड्रॅगन मारायला येतो. तांदूळ मोजायला नाही." अगदी बरोबर. मग मोजू नका. २०१८च्या 'फॉरबिडन लँड्स'मध्ये शिधा हाच एक फासा आहे. जेवताना तो टाकायचा, १ किंवा २ आले की फासा एक पायरी लहान होतो: बारा बाजूंचा दहाचा, दहाचा आठाचा. पौंड नाहीत, एक्सेल नाही, आणि शिधा संपत चालल्याची धाकधूक मात्र आहे. तिथे दिवसाचे चार भाग असतात. शिकार आणि मासेमारी ही वेगवेगळी कामं आहेत, आणि जो शिकारीला गेला तो त्या वेळात पहारा देऊ शकत नाही. हिशोब नको म्हणून निर्णयच नको, ही पळवाट आहे.

वेळेपेक्षा मोठा प्रश्न दुसराच आहे, आणि तो जवळजवळ कुठल्याच टेबलावर विचारला जात नाही. हे जंगल कुणाचं?

आपण खेळतो ते जग बहुतेकदा मध्ययुगीन युरोपच्या छापाचं असतं: किल्ले, सरदार, मठ. त्या युरोपात हरीण मारणं ही साधी गोष्ट नव्हती. इंग्लंडमध्ये राजाच्या राखीव वनांसाठी वेगळा कायदा होता. १२१७च्या 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट'ने जाहीर केलं की यापुढे राजाचं हरीण मारल्याबद्दल कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही. हे लिहून द्यावं लागलं, यातच काय ते आलं. नवी शिक्षा होती जबर दंड, आणि तो भरायची ऐपत नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस कैद. नद्याही मोकळ्या नव्हत्या. १२१५च्या मॅग्ना कार्टात थेम्स आणि मेडवे नद्यांमधले मासे पकडायचे बांध काढून टाकण्याचं कलम आहे. मासा हा राजकारणाचा विषय होता.

आणि आपल्या डीएमच्या जंगलात? हरीण कुणाचंच नाही. जंगल म्हणजे झाडं लावलेलं फुकट कोठार.

मराठी खेळाडूला हे खटकायला हवं, कारण आपल्याकडे हा प्रश्न जुना झालेला नाही. फास लावून तितर-लावे धरणारे म्हणून फासेपारधी. इंग्रजांनी १८७१पासून आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी त्यांच्यासारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची पारधही गुन्हा झाली. वन्यजीव वाचवायला हवेत, यात वाद नाही. पण शिकार कोण करू शकतो आणि तीच शिकार कुणाला गुन्हेगार बनवते, यात अख्ख्या समाजाची गोष्ट दडलेली असते. असली गोष्ट फुकटात हाती असताना आपण "सतरा, पुढे चला" म्हणतो.

मासेमारीची अवस्था तर आणखी वाईट. २०१४च्याच खेळाडूंच्या पुस्तकात गळाचा संच विकत मिळतो: लाकडी काठी, रेशमी दोरी, शिशाची वजनं, चक्क मखमली आमिष. किंमत एक सोन्याचं नाणं. मासेमारीचा वेगळा नियम मात्र त्या पुस्तकात नाही! कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला विचारा. बोंबलाची डोल जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासा कुठे, कधी आणि कुणाच्या हद्दीत, हे कळल्याशिवाय जाळं ओलं करण्यात अर्थ नाही. डीएमने एवढंच ठरवलं की या नदीत मासे फक्त मठाच्या बांधापाशी आहेत, तरी अर्ध्या सेशनची सोय झाली. परवानगी मागायची, रात्री चोरायचे, की उपाशी पुढे जायचं?

आणखी एक हरकत मी गंभीरपणे घेतो. काही खेळाडूंना जनावर मारल्याचं वर्णन नको असतं. आपल्याकडे अर्ध्या टेबलाला शाकाहारी थाळी लागते, तेव्हा पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावं आणि ऐकावं. पण वीस गोब्लिन हसत कापणारे हात हरिणापाशी थबकतात, हे मला नेहमीच चांगलं लक्षण वाटतं. हरणावर "दुष्ट" असा शिक्का नसतो, म्हणून तिथे मारणं पहिल्यांदाच मारण्यासारखं वाटतं. त्या संकोचाला जागा द्या, फाशाखाली दडपू नका.

तेव्हा डीएमलोकहो, पुढच्या वेळी कुणी "मी शिकार करतो" म्हणालं की फासा उचलायच्या आधी तीन गोष्टी ठरवा. यात किती वेळ जाईल आणि तेवढ्यात मागे काय घडेल? हे सावज कुणाचं आहे? आणि धूर, रक्त, उरलेलं कातडं पाहून कोण येईल? तिन्हींची उत्तरं "काही नाही" असतील, तर "पोटभर जेवलात, सकाळ झाली" असं सांगून मोकळे व्हा. त्यात कमीपणा नाही. एकाचं जरी उत्तर असेल, तर ते आधी खेळाडूंना सांगा. मग त्यांनी काय करायचं ते ठरवू दे, आणि फासा त्यानंतर पडू दे.