घरी येणारा थेरपिस्ट

आमच्या धंद्यातलं जुनं रडगाणं: बग कस्टमरच्या मशीनवरच दिसतो, आपल्याकडे सगळं ठीक! काही मुलांचंही तसंच. क्लिनिकात शहाणी, घरी अभ्यासाचं नाव काढलं की भडका. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा मुलांच्या वतीने २००१ साली राज्यावर 'रोझी डी.' खटला भरला गेला. २००६ साली निकाल मुलांच्या बाजूने लागला आणि २००९ पासून मेडिकेडवरच्या, २१ वर्षांखालच्या गरजू मुलांकडे थेरपिस्ट घरी जाऊ लागले. मला हे फार पटतं. आपल्या देशी मंडळींना मात्र घरातलं बाहेर जायची धास्ती. कुणी तयार झालंच, तर थेरपिस्ट यायच्या आधी घर चकाचक आणि पोहे तयार! अहो, पसारा राहू द्या, भांडण होऊ द्या. तेच तर बघायला तो आलाय.