चपला सांभाळणारी बाई

मैत्रिणींनो, समुद्रावर सहलीला गेलं की पाण्यात कोण जातं? घरातले पुरुष जातात, मुलं जातात, नणंद-दीर जातात. आणि काठावर चटई टाकून सगळ्यांच्या चपला, पाकिटं, घड्याळं नि मोबाईल सांभाळत कोण बसतं? आपणच! आमच्या घरात लग्न झाल्यापासून हे खातं माझ्याकडे आहे.

मला पाण्याची भीती, हेही खरंच. माझं माहेर आणि सासर दोन्ही प्रवराकाठचं. लहानपणी एकदा घाटावर पाय घसरला, तेव्हा शेजारच्या काकूंनी वेणी धरून बाहेर ओढलं. वडिलांनी त्या दिवशी नदीवर जायला बंदी केली. वडील गेले, पण बंदी मी छत्तिसाव्या वर्षापर्यंत पाळली. कोल्हारच्या पुलावरून जाताना अजूनही मी खाली बघत नाही.

यंदा नाताळच्या सुट्टीत मालवणला जायचं ठरलं. आदल्या रात्री कोल्हापूरला मुक्काम केला नि सकाळी फोंडा घाट उतरून दुपारच्या जेवणाला मालवणात पोहोचलो. वाटेत लेक म्हणाली, "आई, तू वर्गात प्रवाळ शिकवतेस ना? मग तू पाहिलंयस का कधी?" मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, बारीक जीवांनी बांधलेली वसाहत, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं! पण पाहिलं कुठं होतं?

दुसऱ्या दिवशी धक्क्यावरून होडीनं सिंधुदुर्गावर गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! हंडा-कळशी जन्मभर वाहणाऱ्या बाईला त्या विहिरींचं कौतुक तटबंदीपेक्षा जास्त वाटतं. किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळ तिथंच, किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात.

परतल्यावर हे म्हणाले, "आम्ही प्रवाळ बघून येतो, तू बस सामानापाशी." रोजचंच वाक्य. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, आज तुम्ही बसा. मी लेकीबरोबर जाते." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काही न बोलता चपला उचलून आपल्याजवळ घेतल्या.

या प्रकाराला स्नॉर्केलिंग म्हणतात. डोळ्या-नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात नळी, अंगात तरंगणारं जाकीट, नि हाताला धरायला रबरी चाक. पोहता यावं लागत नाही. श्वास तेवढा तोंडानं घ्यायचा. मला दिलेल्या जाकिटाचा एक पट्टा तुटलेला होता. "चालतं ताई," होडीवाला म्हणाला. मी म्हटलं, "मला नाही चालत," आणि दुसरं मागून घेतलं. २०२२ च्या मे महिन्यात इथंच, तारकर्लीला, पर्यटकांची होडी उलटून दोघांचे जीव गेले होते. तेव्हा याबाबतीत भीड नको.

पहिल्यांदा मान खाली घातली नि घाबरून लगेच वर काढली. नाकातोंडात पाणी, वडिलांची हाक कानात. होडीवाल्या मुलानं चाक घट्ट धरलं. लेक म्हणाली, "आई, हळूहळू. एक... दोन..." मी तिला बे एकं बे शिकवताना म्हणते ना, अगदी तसंच! तिसऱ्यांदा डोळे उघडे ठेवले. खाली खडकावर मेंदूसारख्या वळ्यांचं प्रवाळ नि त्यावरून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे संथ फिरत होते. आवाज फक्त माझ्या श्वासाचा. वर आले तेव्हा डोळ्यांतलं पाणी समुद्राचं होतं की माझं, सांगता येणार नाही.

तुम्ही जाणार असाल तर अनुभवाचे चार शब्द सांगते. पावसाळ्यात हे खेळ बंद असतात, दिवाळीनंतर जावं. सुती साडी किंवा ओढणी नको, पाण्यानं जड होते नि पायात येते. लवकर सुकणारा पूर्ण बाह्यांचा पोशाख बरा. मंगळसूत्र छोटं घालावं नि आतून पिन लावावी. केस घट्ट बांधावेत, एक बट जरी मुखवट्याखाली अडकली तरी पाणी आत शिरतं. होडीत बसण्याआधी तासभर पोटभर जेवू नये. प्रवाळावर पाय ठेवू नये, तो जीव मरतो. खारे कपडे आधी गोड्या पाण्यातून काढून मगच वाळत घालावेत. कोकणातली माणसं भरतीचा अंदाज तिथीवरून काढतात. तिथीला तीनानं गुणून चारानं भागायचं. म्हणजे चतुर्थीला साधारण तीनला भरती, अष्टमीला सहाला. तरीही शेवटचा शब्द गावच्या माणसाचाच.

पाण्यातून आल्यावर भूक सपाटून लागते. मंडळींनी सुरमई नि तिसऱ्यांवर ताव मारला. मी शाकाहारी, मला आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ नि वर सोलकढी. ती आता आमच्याकडे दर रविवारी होते. दहा-बारा आमसुलं कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करावीत. एका नारळाचं दूध काढून त्यात हे पाणी, वाटलेली लसूण-मिरची, मीठ नि कोथिंबीर घालावी. गरम मात्र करू नये, फाटते.

सुट्टीनंतर वर्गात प्रवाळाचा धडा आला. पुस्तक मिटून ठेवलं नि पाहिलं तसं सांगितलं. मुलं टाचण्या पडाव्यात अशी गप्प. घरी सहलीचे फोटो आले, त्यात पहिल्यांदाच मी ओली, केस विस्कटलेली नि हसणारी. सासूबाई तो फोटो बराच वेळ बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मलाही न्या गं. निदान गुडघाभर पाण्यात तरी उभी राहीन."

चपला सांभाळायला ह्यांना आता सवय झालीच आहे!